पडद्यावर न आलेले महिने

'साउंड ऑफ मेटल' (२०१९) या चित्रपटातला ड्रमवादक बहिरा होतो, कॉक्लिअर इम्प्लांट बसवून घेतो आणि कर्कश, धातूसारखे आवाज ऐकून हताश होतो. हे चित्रण खरे आहे. सुमारे ३५०० केशपेशींचे काम जेमतेम १२ ते २२ इलेक्ट्रोडांवर येते. आमची हरकत पुढे आहे. मेंदू या संकेतांना सरावायला महिनोन्महिने घेतो. इथे नायक यंत्र काढतो आणि चित्रपट संपतो. जन्मतः बहिऱ्या मुलांची गोष्ट तर निराळीच. (इम्प्लांटमधल्या चुंबकामुळे एमआरआय अवघड, म्हणून मेंदूलहरी मोजतात.) ३.५ वर्षांआधी रोपण झाल्यास मेंदूचा प्रतिसाद बहुधा वयानुरूप होतो, ७ नंतर क्वचितच. यवतमाळ जिल्ह्यात, पुसद किंवा वणीकडच्या अंगणवाडीत हाकेला ओ न देणाऱ्या मुलाच्या आईला, हा चित्रपट पाहिलेला शिक्षक काय सांगेल?