गवत, धान्य आणि घाईचा निष्कर्ष

गवतावर वाढलेल्या गुरांचे मांस निर्धोक, धान्यावर पोसलेल्यांचे धोक्याचे, असे विधान लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. त्याला आधार म्हणून बहुधा अमेरिकेतील एक शोधनिबंध पुढे केला जातो. कॉर्नेल येथील जेम्स रसेल व सहकाऱ्यांचा हा निबंध सप्टेंबर १९९८ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात आला. १९९३ साली तिकडे अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधील ई. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूमुळे शेकडो लोक आजारी पडले होते व चार मुले दगावली होती. साहजिकच निबंधाकडे सर्वांचे लक्ष गेले.

निबंधातील तर्क देखणा आहे. मक्यासारखे धान्य भरपूर दिले की त्यातला सगळाच स्टार्च कोठीपोटात पचत नाही. उरलेला मोठ्या आतड्यात आंबतो आणि तेथील सामू उतरतो. अशा सौम्य आम्लात वाढलेले ई. कोलाय आम्लाला सरावतात व माणसाच्या जठरातील तीव्र आम्लातूनही जिवंत सुटतात. असे आम्लसहिष्णू जिवाणू धान्यावरील गुरांत वाळल्या गवतावरील गुरांच्या दहा लाख पट आढळले. थोडे दिवस नुसते वाळले गवत दिल्यावर ते पुष्कळच घटले.

येथवर तक्रारीला जागा नाही. पण मोजले काय? गुरांच्या आतड्यातले ई. कोलाय बहुतांशी नेहमीचे, निरुपद्रवी रहिवासी असतात. ओ१५७ हा त्यांतला अल्पसंख्य वाण. शाळेच्या सरासरी उंचीवरून एका मुलाची उंची सांगावी, तसाच हा प्रकार! इडाहो विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ साली प्रत्यक्ष ओ१५७ गुरांना देऊन पाहिला. तो दोन्ही आहारांत सारखाच आम्लसहिष्णू निघाला. उलट वाळले गवत खाणाऱ्यांच्या शेणातून तो अधिक दिवस बाहेर पडत राहिला. २००६ साली कॅलिफोर्नियातील पालकातून साथ पसरली, तेव्हा तोच वाण शेताजवळच्या कुरणातील गुरांच्या शेणात सापडला.

निबंधकारांपेक्षा त्यांचा हवाला देणाऱ्यांचा दोष मोठा, कारण १९९९ चे काम त्यांनी पाहिलेच नाही. वास्तविक गवताची बाजू लंगडी नाही. धान्य अति झाले की कोठीपोटात आम्ल साचून जनावर आजारी पडते. लग्नातला उरलेला भात भरपेट खाल्लेल्या गाईचे अपचन याच जातीचे. त्यासाठी ओ१५७ ला साक्षीला बोलावण्याचे कारण नाही. नववी-दहावीच्या वर्गात हे दोन्ही प्रयोग शेजारी मांडावेत आणि प्रत्येकात नेमके काय मोजले, एवढेच मुलांना विचारावे.