नरसाळ्यातली मिरची

ऑगस्ट १९३०. कॅलिफोर्नियातल्या कार्मेल या समुद्रकाठच्या गावी ४४ वर्षांचा एडवर्ड वेस्टन ढोबळ्या मिरच्यांचे फोटो काढत बसला होता. मिरचीमागे त्याने आधी साधं कापड लावून पाहिलं, मग पांढरा पुठ्ठा लावून पाहिला. दोन्ही वेळा काळं-पांढरं फारच उग्र आलं. शेवटी पत्र्याचं एक मोठं नरसाळं आडवं ठेवून त्याच्या रुंद तोंडाशी त्याने मिरची उभी केली. त्या दिवसांत त्याने मिरचीच्या निदान तीस निगेटिव्ह केल्या आणि त्यांतली एक ‘मिरची क्रमांक ३०’ म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली. कॅमेरा होता आठ बाय दहाचा. म्हणजे फिल्मचा एकेक तावच आठ इंच रुंद आणि दहा इंच उंच.

मोठ्या फिल्मवर फोटोग्राफी शिकायची तर सुरुवात कुठून करायची, असं कुणी विचारलं की मी हा फोटो पुढे करतो. ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा डोंगर असतो, धुकं असतं, पाठीवर लाकडी कॅमेरा आणि खांद्यावर तिवई असते. अँसल ॲडम्सने हे चित्र इतकं पक्कं रुजवलं आहे की मोठा कॅमेरा म्हटला की योसेमिटीचे कडेच डोळ्यांपुढे येतात. त्या फोटोंवर माझं प्रेम आहे. पण डोंगराच्या फोटोत कॅमेऱ्याचं काम झाकलेलं राहतं. डोंगर लांब असतो, ऊन भरपूर असतं, लेन्स आणि फिल्म यांमधला घड्यांचा भाता जेमतेम उघडावा लागतो. मिरचीसमोर मात्र या यंत्राचा प्रत्येक अवयव ताणला जातो, आणि तो ताण शेवटच्या चित्रात सौंदर्य होऊन उतरलेला दिसतो. वेस्टनचा हा फोटो मला थोर वाटतो तो याच कारणाने.

आधी फोटोच नीट पाहू. चौकट जवळजवळ पूर्ण व्यापून एक पिळदार आकार उभा आहे. पाठ वाकवून, मान आत घेऊन, हात पोटाशी दुमडून कुणी बसावं तसा. मधल्या खोल घडीत काळोख साचला आहे. तिच्या दोन्ही अंगांना फुगीर, गुळगुळीत भाग आणि त्यांवरून निथळत आलेला उजेड. पाठीमागे अंधार आहे, पण तो सपाट नाही. तळाशी नरसाळ्याच्या पत्र्याची पुसट कमान कळते आणि तिथून वर जाताना करडा रंग काळ्यात विरत जातो. मिरची कशावर ठेवली आहे, केवढी आहे, खोली कुठली, वेळ कुठली, यातलं काहीच सांगणारी खूण चौकटीत नाही.

आता उजेडाकडे पाहा. ढोबळ्या मिरचीची साल मेणचट, चकचकीत. अशा सालीवर थेट उजेड पडला की एक पांढराफटक ठिपका उमटतो आणि बाकीचा भाग काळवंडतो. इथे मात्र घडीच्या आतल्या कडासुद्धा मंद उजळलेल्या आहेत. ही नरसाळ्याची करामत. वाकवलेला पत्रा उजेड गोळा करून मागून, बाजूने, खालून मिरचीवर परत टाकतो. त्यामुळे सावलीत गेलेल्या कडेलाही एक बारीक रुपेरी रेघ मिळते आणि मागच्या अंधारापासून ती कड सुटी होते. पार्श्वभूमी आणि परावर्तक, दोन्ही कामं त्या एका वस्तूने केली. स्टुडिओतल्या महागड्या दिव्यांवर पैसे घालण्याआधी नवशिक्याने हे नरसाळं मनात पक्कं ठेवावं.

मग येतो आकार, आणि इथे थोडं गणित लागतं. वेस्टन त्या काळात निगेटिव्ह मोठी करत नसे. फिल्म थेट कागदावर ठेवायची, वरून काच दाबायची, दिवा लावायचा. हा कॉन्टॅक्ट प्रिंट. म्हणजे निगेटिव्हवर मिरची जेवढी, प्रिंटवरही तेवढीच. मूळ मिरची चार इंचांची धरली तर आठ बाय दहाच्या तावावर ती आठ इंचांची व्हायला हवी, खऱ्याच्या दुप्पट. एरवी कॅमेरा वस्तूला लहान करून फिल्मवर उतरवतो. इथे तो फुगवून उतरवतो आहे. त्यासाठी लेन्स आणि फिल्म यांतलं अंतर लेन्सच्या फोकल लेंग्थच्या तिप्पट करावं लागतं. भाता ताणत ताणत लांबवर न्यायचा. अंतर तिप्पट झालं की उजेड नवव्या हिश्शावर येतो, कारण तोच उजेड आता नऊपट जागेवर पसरायचा असतो.

एवढ्यावर भागत नाही. इतक्या जवळून पाहताना फोकसची खोली कागदासारखी पातळ होते. दुप्पट आकाराला लेन्सचं छिद्र एफ/८ एवढं असेल तर ती दोन-तीन मिलिमीटर, एफ/६४ इतकं बारीक असेल तर जेमतेम दोन सेंटिमीटर, आणि हाही हिशेब कॉन्टॅक्ट प्रिंट गृहीत धरून. मिरचीचा पुढचा फुगवटा आणि मागची कड यांत त्याहून जास्त अंतर असतं. म्हणून छिद्र बारीक, आणखी बारीक करत जायचं. छिद्र बारीक झालं की उजेड आणखी घटतो, आणि शटर तेवढाच जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. वर फिल्मचा एक स्वभाव असा, की उजेड फार मंद असला तर तिची संवेदनाच ढिली पडते. उजेड मोजणाऱ्या मीटरने दहा सेकंद सांगितले तर बऱ्याच काळ्या-पांढऱ्या फिल्मना वीसच्या आसपास द्यावे लागतात, आणि वेळ लांबेल तशी ही तफावत वाढत जाते.

हे सगळं त्या फोटोत दिसतं का? माझ्या मते, दिसतं. मिरचीच्या पृष्ठभागावर एक विलक्षण स्थैर्य आहे. पुढची साल आणि मागची कड सारख्याच निश्चयाने उभ्या आहेत, कुठेही धूसर होऊन पळ काढलेला नाही. डोळ्याने आपण कुठलीही वस्तू अशी एकदम पाहत नाही, नजर इथून तिथे फिरत असते. इथे तो सगळा वेळ एका तावावर साठला आहे. फोटो म्हणजे क्षण पकडणं, ही समजूत लहान कॅमेऱ्याने आपल्याला दिली. मिरचीच्या फोटोत क्षण नाही, मुक्काम आहे.

हे अंगावर येऊन कळायचं तर स्वतः एकदा करून पाहावं. माझा कॅमेरा चार बाय पाचचा आहे आणि सुरुवातीला तेवढाच बरा असं मी आग्रहाने सांगेन. ३५ मिलिमीटरच्या फिल्मपेक्षा त्याचा ताव पंधरापट मोठा, आठ बाय दहाचा साठपट. चार बाय पाचची फिल्म, होल्डर, जुन्या लेन्सा अजून मिळतात आणि वजनही उचलण्याजोगं असतं. १५० मिलिमीटरची लेन्स घ्या. मिरची खऱ्या आकाराची उतरवायला भाता ३०० मिलिमीटर उघडावा लागतो, आणि साधारण घडीच्या कॅमेऱ्याचा भाता तिथपर्यंत पोचतो. उजेड चौपट लागेल, एवढं ध्यानात ठेवायचं.

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी ओट्यावर मिरची उभी केली. मागे डब्याचा वाकवलेला पत्रा. डोक्यावरून काळं कापड घेतलं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर पाहिलं, तर मिरची उलटी. देठ खाली, बूड वर, डावं ते उजवं. पहिल्यांदा पाहणारे इथे गांगरतात. पण उलटी झाली की ती मिरची राहत नाही, उजेड आणि अंधार यांची मांडणी होते. भाजी म्हणून तिच्याकडे बघायची सवय सुटते. कोपऱ्यात एक उजळ डाग नाहक डोळ्यात भरतोय, घडीतला अंधार मधोमध आलाय, हे सुलट चित्रात कळायला वेळ लागला असता. वेस्टन चौकट काचेवरच पक्की करत असे, नंतर कातरत नसे. शेवटचा प्रिंट त्याला काचेवरच दिसायला हवा असे. त्याचं हे म्हणणं काळ्या कापडाखाली पहिल्यांदा नीट पटतं.

मग भिंगाने फोकस. इतक्या जवळून पुढची पट्टी, म्हणजे लेन्सची बाजू, हलवली की मिरचीचा आकारच बदलतो आणि फोकस हाताला लागत नाही. मागची पट्टी हलवावी, काम सोपं होतं. लेन्स तिरकी करून फोकसची पातळी कलती करता येते हे मोठ्या कॅमेऱ्याचं सगळ्यांत नावाजलेलं वैशिष्ट्य, आणि ओट्यावर पसरलेल्या वस्तूंसाठी ते फार कामाचं. पण मिरची गोल, तिला कुठल्याच बाजूने सपाट पातळी नाही. तिथे बारीक छिद्राला पर्याय नाही. लहान फिल्मवर छिद्र फार बारीक केलं की उजेड कडांवरून पसरतो आणि चित्र मऊ पडतं, कारण नंतर ते दहा-वीसपट मोठं करायचं असतं. कॉन्टॅक्ट प्रिंट मोठा होतच नाही, म्हणून एफ/६४ वरचं ते मऊपण डोळ्याला कळतही नाही. मिरचीच्या फोटोनंतर दोन वर्षांनी, १९३२ साली, वेस्टन, ॲडम्स, इमोजेन कनिंगहॅम आणि मित्रांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात एकत्र प्रदर्शन भरवलं, तेव्हा आपल्या गटाला त्यांनी या बारीक छिद्राचंच नाव दिलं: ग्रुप एफ/६४.

फिल्मचा होल्डर आत सरकवायचा, शटर बंद आहे ना ते पुन्हा पाहायचं, फिल्मवरचं झाकण, म्हणजे डार्क स्लाइड, ओढायची. आता काच झाकली गेली, फोटोग्राफरला काहीच दिसत नाही. शटरची केबल दाबून धरायची आणि मनात आकडे मोजायचे. त्या वेळात रस्त्यावरून जाणारी बस ओटा हलवू शकते. भाजीदेखील हलते. पाणी सुटून मऊ पडते, देठ जरासा कलतो. वेस्टनची मिरचीही इतक्या दिवसांच्या कामानंतर थकायला लागली होती आणि तिची रवानगी कोशिंबिरीत होणार हे त्याने दैनंदिनीत नोंदवलं आहे. मला ही नोंद फार आवडते. जिला त्याने शिल्पासारखी अचल करून ठेवली, ती त्याच्यासमोर सुकत होती, आणि हे त्याला पुरतं माहीत होतं.

या फोटोवर सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती मानवी देहाची. कुणाला त्यात वाकलेल्या पुरुषाची पाठ दिसते, कुणाला एकमेकांना बिलगलेले दोघे. वेस्टनला असे लैंगिक अर्थ लावलेले रुचत नसत, आपण मिरचीच पाहिली असं तो सांगत राहिला. पाहणाऱ्याला देह दिसतो यात त्याची चूक नाही. मीही वर वाकलेली पाठ म्हणूनच वर्णन केलं. देहाचे फोटोही वेस्टनने आयुष्यभर काढले आणि त्याचा हात दोन्हीकडे तोच होता. पण देह ओळखला की नजर समाधान पावून थांबते, आणि फोटो तिथून पुढे सुरू होतो. थोडं थांबलं की पाठ नाहीशी होते आणि साल परत येते, तिच्यावरचे बारीक व्रण परत येतात. मग साल पुन्हा पाठ होते. हे जाणं-येणं शक्य होतं कारण चौकटीत मोजमापाची एकही खूण नाही आणि मिरची खऱ्यापेक्षा मोठी आहे. भाता ताणल्याचं फळ इथे हाती येतं. मेक्सिकोत १९२५ साली त्याने संडासच्या भांड्याचा फोटो याच आदराने काढला होता, १९२७ साली शंखांचे काढले. वस्तू कुठलीही असो, तिच्या आकाराला पुरेसा वेळ आणि पुरेसा उजेड दिला की ती आपल्या नावाच्या बाहेर येते, ही त्याची खात्री होती. शंखांमध्ये ती मला थोडी शोभिवंत वाटते, कारण शंख मुळातच सुंदर. मिरचीला ते भांडवल नव्हतं.

पुस्तकात किंवा पडद्यावर हा फोटो पाहताना एक गोष्ट हरवते, ती म्हणजे कागदाची खोली. वेस्टन तेव्हा मॅट कागद सोडून चकचकीत कागदाकडे वळला होता. त्या कागदावर काळा रंग जास्त गडद उतरतो, आणि घडीतल्या अंधारापासून वरच्या उजेडापर्यंतच्या करड्या छटांना मोठा पल्ला मिळतो. फिल्म आणि कागद यांत लेन्सही नाही, हवाही नाही. मोठ्या कॅमेऱ्याने काम सुरू करणाऱ्याने निगेटिव्ह मोठी करणारा एन्लार्जर शोधत बसू नये असं मी म्हणतो ते यामुळे. चार बाय पाचचा कॉन्टॅक्ट प्रिंट साधारण पोस्टकार्डाएवढाच होतो, हे खरं. पण एक काच, एक साधा बल्ब, तीन ट्रे आणि लाल दिवा एवढ्यावर तो न्हाणीघरात रात्री करता येतो. पहिला प्रिंट बल्बखाली वेगवेगळ्या सेकंदांच्या पट्ट्या करून काढावा, त्यांतली घडीचा काळोख भरीव देणारी पट्टी निवडावी, आणि मग उजेडाच्या बाजूला किती तपशील शिल्लक राहिला ते भिंगाने पाहावं. तिथे साल दिसत नसेल तर पुढच्या खेपेला पत्रा जरा वळवावा. मिरची तोवर टिकली तर तीच, नाहीतर बाजारातून दुसरी.