निमंत्रणाची कसोटी : सोलापूरच्या एका भाषणाचे पुनर्वाचन

१ जानेवारी १९३८ रोजी प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांच्या सभेत बोलले. त्या भाषणाचा वृत्तांत पुढे 'जनता' पत्रात प्रसिद्ध झाला. १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर निरनिराळ्या धर्मांचे प्रचारक अस्पृश्य समाजाला आपल्याकडे बोलावीत होते. म्हणजे ज्याला निमंत्रण होते तोच येथे यजमानांची परीक्षा घेत होता. या भाषणाचे खरे महत्त्व यात आहे.

बाबासाहेबांनी या सभेत बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तिमत्त्वांनी आपले मन वेधल्याचे सांगितले. हा आदर औपचारिक नव्हता. म्हणूनच त्यापुढील टीका अधिक बोचरी ठरते. दक्षिणेतील चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, महार मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते आणि शिकलेला ख्रिस्ती तरुण नोकरीत रमून सामाजिक अन्यायाकडे पाठ फिरवतो, असे तीन आक्षेप त्यांनी मांडले. एकही आक्षेप ख्रिस्ताच्या शिकवणुकीवर नाही. जो आत आला त्याचे पुढे काय झाले, एवढेच ते विचारतात.

मिशनऱ्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. अमेरिकन मराठी मिशनने सोलापूर परिसरात शाळा चालविल्या, ज्यांना कोणी शिकवीत नव्हते त्यांना अक्षर दिले. परंतु मिशनच्या शिक्षणाचा व औषधोपचाराचा मोठा लाभ उच्चवर्णीयांना झाला आणि धर्मांतरित अस्पृश्य मागे राहिला, असे बाबासाहेबांनी आपल्या इंग्रजी लेखनातही दाखविले आहे. हे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८९ साली पाचव्या खंडात प्रकाशित केले. खुद्द ख्रिस्ती समाजातही ही अस्वस्थता होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही सामावून घेणारा 'देवाचा दरबार' त्यांनी स्थापन केला.

'येऊन पाहा' हे आवाहन योहानाच्या शुभवर्तमानात आहे. आपल्या परंपरेत धम्माला 'एहिपस्सिक' म्हटले आहे. शब्द जवळचे आहेत, म्हणून कसोटीही एकच लावली पाहिजे. मज्झिमनिकायातील उपाली गृहपती निगंठांचा उपासक होता. तो शरण आला तेव्हा तथागतांनी त्याला घाई केली नाही. नीट विचार करण्यास सांगितले आणि निगंठांना दान देणे चालू ठेवण्याचा उपदेश केला. ज्या निमंत्रणात निमंत्रिताच्या विवेकाला आणि जुन्या नात्यांना जागा आहे, तेच धम्माला शोभते.

ही कसोटी केवळ इतरांसाठी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी बाबासाहेबांच्या हातून धम्मदीक्षा घेतली. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती १९९० साली मिळाल्या; ख्रिस्ती दलित त्यांतून वगळलेलेच राहिले. त्यांची ही वंचना आपल्या समाधानाचा विषय होऊ नये. तसेच आपल्या विहारात पोटजातीनुसार सोयरीक जुळत असेल, शिकलेला तरुण वस्तीकडे फिरकत नसेल, तर सोलापूरचे भाषण आता आपल्याला उद्देशून आहे. दुसऱ्याला धम्माकडे बोलावण्यापूर्वी आलेल्याला आपण समतेने बसवतो की नाही, हे प्रत्येक विहाराने तपासावे.