'ऑथेल्लो'तील रुमाल आणि चार असत्ये

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' या शोकांतिकेचा (पहिला नोंदलेला प्रयोग १६०४) परिचय गो. ब. देवलांच्या 'झुंझारराव' (१८९०) या रूपांतराने मराठी रसिकांना पूर्वीच झाला आहे. वर्गात तिची चर्चा निघाली की सारा दोष इयागोच्या माथी मारला जातो. कॅसिओला बढती मिळाल्याने तो मत्सराने पेटतो, हे खरे. परंतु केवळ त्याच्या खोटेपणाने हा अनर्थ घडत नाही.

डेस्डेमोनाचा रुमाल पाहा. तो कॅसिओजवळ पाहिल्याचे इयागो सांगतो. हे पहिले असत्य, द्वेषातून आलेले. रुमाल स्वतःच पतीला दिलेला असूनही एमिलिया 'ठाऊक नाही' म्हणते, हे दुसरे. ऑथेल्लोचा संताप पाहून घाबरलेली डेस्डेमोना तो हरवलाच नसल्याचे सांगते, हे तिसरे. मरताना ती आपल्या मृत्यूचा दोष स्वतःवर घेते. हे चौथे, प्रेमापोटी. उलट, लग्नासाठी तिने वडिलांना फसविले हे इयागोचे विधान सत्य आहे आणि ऑथेल्लोला ते मान्यच करावे लागते. अर्धे सत्य येथे असत्याच्या कामी येते.

व्हेनिसमध्ये परका असलेला हा मूर सेनानी पुरावा मागतो; पण रुमाल कोठून आला, हे कॅसिओला विचारीत नाही. तो प्रश्न तो पत्नीच्या हत्येनंतर विचारतो आणि उत्तर तत्काळ मिळते. म्हणून 'इयागो खोटे का बोलला?' याबरोबरच 'ऑथेल्लोने वेळीच का विचारले नाही?' हा प्रश्नही अध्यापनात यावा. न विचारणे हाही एक निर्णयच असतो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आले पाहिजे.