‘पूर्व आशियाई चमत्कार’ : एक भौगोलिक चिकित्सा

जागतिक बँकेने १९९३ साली ‘पूर्व आशियाई चमत्कार’ हा अहवाल प्रसिद्ध केला. जपान, दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग, सिंगापूर, मलेशिया, थायलंड व इंडोनेशिया या आठ अर्थव्यवस्थांच्या १९६५ ते १९९० या कालखंडातील प्रगतीची मीमांसा त्यात आहे. बचत, प्राथमिक शिक्षण, निर्यात आणि शासकीय हस्तक्षेप यांची साधार चर्चा ही अहवालाची जमेची बाजू होय. वृद्धीची फळे समाजात व्यापक प्रमाणात वाटली गेली, असेही प्रतिपादन त्यात आढळते.

तथापि, भूगोलाच्या दृष्टीने अहवालाची मूळ मर्यादा त्याने निवडलेल्या एककात आहे. ग्रामीण पृष्ठप्रदेश नसलेले सिंगापूर आणि हजारो बेटांचा इंडोनेशिया एकाच मापाने मोजले, की राष्ट्रीय सरासरी देशांतर्गत दरी झाकून टाकते. थायलंडचे उदाहरण बोलके आहे. तेथील उद्योग बँकॉक व पूर्व किनाऱ्यालगत एकवटले. ईशान्येकडील ईसान प्रदेशातील शेती मात्र रेताड जमीन व बेभरवशाचा पाऊस यांवरच विसंबून राहिली. साहजिकच तेथील तरुण बँकॉकच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर गेले. त्यांनी धाडलेल्या पैशांवर गावातील घरे चालली. जुलै १९९७ मध्ये बाथचे मूल्य कोसळल्यानंतर काम गमावलेले अनेक मजूर गावी परतले आणि त्यांचा भार त्याच कोरडवाहू शेतीने उचलला. शहरी वृद्धीला ग्रामीण कुटुंबाने दिलेला हा आधार राष्ट्रीय आकडेवारीत दिसत नाही. म्हणूनच प्रदेशनिहाय पडताळणीवाचून अहवालातील समन्यायी वृद्धीचे प्रतिपादन अपुरे ठरते.