ठाणे खाडीतील पाणथळ क्षेत्रांचे पुनरुज्जीवन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शहरालगतच्या पाणथळ जागांच्या पुनरुज्जीवनाचे उदाहरण म्हणून ठाणे खाडीचा उल्लेख वारंवार केला जातो. औद्योगिक सांडपाणी, भराव आणि गाळ यांनी पीडित झालेल्या या खाडीत 1990 च्या दशकापासून रोहित पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले. मात्र पक्ष्यांचे आगमन म्हणजेच परिसंस्थेचे पुनरुज्जीवन, हे समीकरण कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

संरक्षणाची वाटचाल :
मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. 2012 मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. 2015 मध्ये खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला, तर 2022 मध्ये खाडीस रामसर स्थळाचा दर्जा लाभला. कायदेशीर संरक्षणाच्या दृष्टीने ही वाटचाल निश्चितच मोलाची आहे.

संख्येचा निकष व त्याची मर्यादा :
छोटा रोहित हा मुख्यतः नील-हरित शैवालावर जगतो. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे शैवालाची वाढ होते, ही बाब लक्षात घेता रोहितांची संख्या हा खाडीच्या आरोग्याचा निर्विवाद पुरावा मानता येत नाही. कांदळवनाच्या विस्तारालाही दुसरी बाजू आहे. गाळ साचून उघड्या चिखलपट्ट्यावर खारफुटी पसरली, तर पाणटिवळा, तुतवार यांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांचे चरण्याचे क्षेत्र तेवढे आक्रसते. हिरवे क्षेत्र वाढले म्हणजे पाणथळ सुधारली, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

भरतीच्या वेळचा प्रश्न :
ओहोटीला पक्षी चिखलपट्ट्यावर चरतात. भरतीत तो पट्टा पाण्याखाली गेल्यावर त्यांना विसाव्यासाठी जवळच उथळ पाण्याच्या जागा लागतात. भांडुपची मिठागरे, नेरूळ परिसरातील पाणथळी, उरणमधील पाणजे व भेंडखळ या अशा जागा होत. त्या अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. शिवाय पाणथळ क्षेत्र नियम, 2017 यांच्या व्याख्येतून मीठ उत्पादनासाठी बांधलेल्या रचना वगळण्यात आल्या आहेत. परिणामी पक्ष्यांच्या दिनक्रमाचा अर्धा भाग संरक्षित, तर उरलेला अर्धा असुरक्षित अशी विसंगती निर्माण होते.

नेरूळ येथील डीपीएस तलावाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. खाडीच्या पाण्याची ये-जा खुंटल्याने तलावाची स्थिती खालावली. 2024 मध्ये तेथे रोहितांचे मृत्यू झाल्यानंतर या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले आणि 2025 मध्ये तलावास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता मिळाली. तथापि दर्जा कागदावर मिळतो, पाणी मात्र नाल्यांतून आणि मोऱ्यांतूनच यावे लागते. भरती-ओहोटीचा मार्ग मोकळा ठेवला नाही, तर कोणतीही घोषणा निष्फळ ठरेल.

समारोप :
ठाणे खाडीच्या संदर्भात पुनरुज्जीवनाचा खरा निकष पक्ष्यांची गणना अथवा सुशोभीकरण हा नसून पाण्याचा अबाधित प्रवाह हा असावयास हवा. खाडी, चिखलपट्टा, मिठागर आणि तलाव ही एकाच व्यवस्थेची अंगे आहेत. त्यांपैकी एकाला अभयारण्य आणि दुसऱ्याला मोकळा भूखंड मानणारे धोरण पक्ष्यांना चरावयास जागा देते, परंतु विसाव्याची जागा हिरावून घेते. ही विसंगती दूर करणे हीच पुनरुज्जीवनाची पहिली पायरी होय.