वस्त्रांची साक्ष

सिल्वासाच्या मुक्तिदिनी, २ ऑगस्टला, ध्वजवंदनास उभे राहिलो की भाषणाआधी आमची दृष्टी पुढाऱ्याच्या पोशाखाकडे वळते, हे आम्ही नाकारीत नाही. ते सर्वस्वी अनुचितही नव्हे. सोवळे नेसून गाभाऱ्यात जाणारा आपला समाज जाणतो, की वस्त्र ही प्रसंगाचे गांभीर्य ओळखल्याची खूण होय.

परंतु १३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीत बॉम्बस्फोट झाले, त्या सायंकाळी तत्कालीन गृहमंत्री, लातूरचे शिवराज पाटील, तीन वेळा कपडे बदलून दिसले, म्हणून जो गदारोळ उठला, तो आम्हांस अपुरा वाटतो. टीका धोरणांवर करावी, कपड्यांवर नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. वकिली भाषेत सांगायचे तर पोशाखाचा पुरावा ग्राह्य खरा, पण निर्णायक नव्हे. पोलिसांची सज्जता, गुप्तवार्तांचा उपयोग यांची उलटतपासणी मात्र मागे पडली. अडीच महिन्यांत, २६ नोव्हेंबरला, मुंबईवर हल्ला झाला. ३० नोव्हेंबरला पाटलांनी राजीनामा दिला.

केवळ सोवळे नेसल्याने पूजा पुरी होत नाही. तद्वत् शुभ्र खादी पाहून कारभाराची परीक्षाही होत नाही. पोशाख अवश्य न्याहाळावा. पण तेवढ्यावर साक्षीदारास सोडून देऊ नये.